अंगठा कोणाचा, सोय कोणाची?

तंत्रज्ञानाविषयी मत नसलेला माणूस आज शोधून सापडणार नाही. चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत चर्चा रंगते आणि बहुधा एकाच निकालावर येते: नवे काही आले की थोडी गैरसोय व्हायचीच, चार जणांना त्रास होतो म्हणून देशाने मागे राहायचे का? असे बोलणाऱ्याला आपण फार समतोल बोललो असे वाटते. मला मात्र हा आपल्या समाजाचा निष्ठुरपणा वाटतो. कारण हे बोलणारा स्वतः त्या चार जणांत कधीच नसतो.

ते चार जण पाहायचे असतील तर रेशन दुकानासमोरच्या रांगेत जावे. सहसा ई-पॉस मशीनवर अंगठा उमटला तरच धान्य मिळते. ऊस तोडून, विटा वाहून, दुसऱ्यांची भांडी घासून ज्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, ती बोटे मशीन नाकारते. बाई पदराला बोट पुसून पुन्हा ठेवते. मग दुसरे बोट, मग दुसरा हात. शेवटी दुकानदार म्हणतो, "मावशी, थंब येत नाही, उद्या या." कधी सर्व्हर डाऊन असतो, कधी रेंज नसते. आजचा रोज बुडालेला असतो, उद्याचाही बुडणार असतो. कार्डावर तिचे नाव आहे, दुकानात पोती आहेत, दुकानदार तिला वर्षानुवर्षे ओळखतो. तरी पिशवी रिकामी परत जाते. ज्या कष्टांवर आपली शहरे आणि साखर कारखाने उभे आहेत, त्या कष्टांचीच ही शिक्षा आहे.

मशीन हा अंगठा आधारच्या नोंदीशी ताडून पाहते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ज्याला कोणी ओळखत नाही अशा गरिबाला ओळख मिळावी, हा तेव्हाचा शब्द होता. २०१८ साली आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात आकडे मांडले. सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के होते. आपण ८८ ऐकले आणि टाळ्या वाजवल्या. उरलेल्या बारांचे काय, हे विचारावेसे आपल्याला वाटले नाही. त्याच वर्षीच्या निकालात बहुमताने आधार वैध ठरले. पण न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवले, की माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क यंत्राच्या गणितावर आणि शक्यतांवर अवलंबून ठेवता येणार नाहीत. ते मत ग्रंथालयात राहिले, रांगेत पोहोचले नाही.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मेली. आधारशी जोडले नाही म्हणून कुटुंबाचे रेशन कार्ड रद्द झाले होते. मुलगी भात मागत गेली, असे आईने सांगितले. सरकारने कारण मलेरिया असल्याचे सांगितले. मृत्यूच्या कारणावर वाद झाला. घरात रेशन येत नव्हते, यावर वादाला जागा नव्हती.

यावर उत्तर तयार असते: बोगस कार्डे होती, काळा बाजार होता, तो थांबवायला नको? थांबवायलाच हवा. रेशनमधली चोरी खरी होती, आणि आज ऊसतोड कामगाराला दुसऱ्या जिल्ह्यातही आपल्या कार्डावर धान्य उचलता येते, ही सोयही खरी आहे. मी मशीन फोडा म्हणत नाही. पण चोरी कोण करत होते? पोत्यांचे ट्रक परस्पर वळवणारे. आणि तपासणी कोणाची सुरू झाली? पाच किलो धान्यासाठी उभ्या असलेल्या बाईची. तिचा अंगठा ती तीच असल्याचे सरकारला सिद्ध करून देतो. पण पिशवीत पूर्ण माप पडले की नाही, हे तो सांगत नाही. अंगठा एकदा उमटला की कमी धान्य घेऊन गेलेलीही नोंदीत तृप्त असते. गरिबाने रोज आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायचा आणि त्याच्यावर सत्ता चालवणाऱ्याने काहीच सिद्ध करायचे नाही, हा अन्याय जुनाच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा अक्षरशून्य शेतकऱ्याला कागदावर नागवणारा कुळकर्णी त्यांनी उभा केला होता. आज कागदाच्या जागी पडदा आला, एवढेच.

हा खेळ रेशनवर थांबलेला नाही. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागण्यात आला, आणि ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्या बायका अडकल्या. ओरड झाल्यावर सोय करावी लागली. विधवांच्या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या महाराष्ट्रात असा अर्ज तयार होतो आणि तो करताना विधवा कोणाच्या डोक्यातच येत नाही, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

१२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास कोलमडले. देशभर गहजब झाला, दिवसभर बातम्या चालल्या, तातडीने खुलासे आले. ते योग्यच होते. पण आपले पेमेंट अडकले तर तो यंत्रणेचा दोष, आणि मजुराचा अंगठा अडकला तर ती 'थोडी गैरसोय', हे कोणत्या न्यायात बसते? आपली मते चुकीच्या माहितीतून आलेली नाहीत. ती आपल्या सुखातून आली आहेत.

कायदा गरिबाच्या बाजूने आहे. आधार नाही म्हणून कोणाचे नाव कापू नका, रेशन नाकारू नका, असे केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना लेखी कळवले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात, धान्य मिळाले नाही तर भत्ता देण्याची तरतूद आहे. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, रेशन दुकानावर दक्षता समिती आहे. मशीन अडले तर नोंदवहीत सही घेऊन धान्य द्यावे, आणि नाकारायचेच असेल तर कारण लेखी द्यावे, एवढी मागणी कोणालाही करता येते. पण ती रांगेतल्या बाईने एकटीने करायची नाही. तिचा रोज आधीच बुडाला आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो, तहसील कार्यालयाचा जिना चढायला भीती वाटत नाही, त्यांचे हे काम आहे. तंत्रज्ञानावर मत द्यायचा हक्क आपल्याला जरूर आहे. पण आधी आपल्या वस्तीतल्या रेशन दुकानावर एक सकाळ उभे राहा, किती जण रिकाम्या हाताने परतले ते मोजा, आणि तो आकडा दक्षता समितीपुढे ठेवा.