उन्हाळ्यातील काळा सूट

एप्रिल उजाडला की सीताबर्डीच्या मेन रोडवरील कापडाच्या आणि तयार कपड्यांच्या दुकानांत लग्नाची गर्दी सुरू होते. काचेआडच्या पुतळ्यांच्या अंगावर काळे आणि गडद निळे थ्री-पीस सूट झळकत असतात. बाहेर पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावत असतो. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही त्या गर्दीत असतात. वराचा सूट, त्याच्या भावाचा सूट, बेस्टमनचा सूट; विकत घेणे परवडत नसेल तर भाड्याने, आणि तेही झेपत नसेल तर उसनवारी करून. “सुटाशिवाय देवळातले लग्न शोभेल तरी कसे?” असा प्रश्न वडीलधारी माणसे विचारतात. या प्रश्नामागे जे गृहीत धरलेले आहे, त्याच्याविरुद्ध मला बोलावयाचे आहे.

प्रथम नियमाचे पाहू. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार विवाहासाठी वधूवरांची मुक्त संमती, अधिकृत धर्मसेवक आणि दोन साक्षीदार लागतात. कायदा साक्षीदार मागतो; कोट मागत नाही. काही जण लग्नाचे वस्त्र न घालता मेजवानीस आलेल्या पाहुण्याचा मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला पुढे करतात. परंतु त्या दाखल्यातील पाहुणे रस्त्यांवरून गोळा केलेले होते. त्यांना शिंप्याकडे जाण्यास सवड कोठली? संत ऑगस्टीनने त्या वस्त्राचा अर्थ प्रीती असा लावला आहे, आणि प्रीतीचे माप कोणत्याही शिंप्याच्या फितीने घेता येत नाही.

“पण सूट ही आपली परंपरा आहे,” असे म्हटले जाते. कोणता सूट? विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित समारंभासाठी फ्रॉक कोट किंवा मॉर्निंग कोट घालीत. आज आपण ज्याला सूट म्हणतो तो लाउंज सूट त्या वेळी फावल्या वेळचा, खेड्यात हिंडण्याफिरण्याचा साधा पोशाख गणला जाई. पहिल्या महायुद्धानंतर तो शहरात आणि कचेऱ्यांत सर्रास वावरू लागला. १९२५ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी घेरदार विजारी आणल्या. पुढच्या दशकात खांदे रुंदावले. १९३६ साली आठव्या एडवर्डने दरबारातूनही फ्रॉक कोटाला रजा दिली. ज्या पोशाखाने पस्तीस-चाळीस वर्षांत इतकी रूपे पालटली, त्याला आपण मात्र अढळ मानून बसलो आहोत!

कापडाची गोष्ट अधिक बोलकी आहे. थंड, ओलसर हवेच्या त्या देशात जाड लोकरीचे कापड शहाणपणाचे होते. उष्ण प्रदेशात मात्र साहेबानेही ते शहाणपण बदलले. हिंदुस्थानातील गोरा अधिकारी उन्हाळ्यात सुती ड्रिलचे, तागाचे किंवा टसरचे सूट घाली. टसर म्हणजे आपला कोसा. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावच्या मागांवर विणला जाणारा. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या दमट उकाड्यासाठी १९०९ पासून हास्पेल यांनी सीरसकरचे सूट शिवले. त्या सुरकुतलेल्या सुती कापडाचे मूळ हिंदुस्थानातले आणि नाव फारसी, अर्थ ‘दूध आणि साखर’. आपल्या मराठी वकिलांनी आणि शिक्षकांनी तर धोतरावरच कोट चढविला आणि डोक्यावर पगडी किंवा टोपी ठेवली. नक्कल म्हणून हसणाऱ्यांनी हसावे. त्या माणसांनी सोयीचे तेवढे घेतले आणि बाकीचे सोडून दिले.

आणि आपण? आपण त्यांच्या थंडीचा रंग घेतला आणि आपल्या उन्हाळ्याचे भान सोडले. त्यातही स्वस्त सूट बहुधा पॉलिएस्टरचा. हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात शोधला गेला. टेरिलीन, टेरिकॉट या नावांनी तो आपल्या घरांत शिरला. टिकाऊ आणि न चुरगळणारा खरा, पण घाम शोषून घेण्याचा गुण त्यात जवळजवळ नाही. त्यावर तशाच धाग्याचे अस्तर, आत बकरम, वर वेस्टकोट आणि गळ्याशी टाय! वेदीसमोर आयुष्यभराचे वचन देताना वराचे निम्मे लक्ष मानेवरून ओघळणाऱ्या घामाकडे असते. ज्या नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिलने सुती कापड विणले आणि २००२ मध्ये तिचे दार कायमचे बंद झाले, त्याच नागपुरात हे घडावे, याचा विषाद वाटतो.

एका आक्षेपाला मात्र मान दिला पाहिजे. ज्यांच्या वाडवडिलांना चांगले वस्त्र नेसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यासाठी सूट हा केवळ कपडा नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट हे कोट्यवधी लोकांच्या स्वाभिमानाचे चिन्ह ठरले. गावोगावच्या पुतळ्यांवर तो आजही निळ्या रंगात दिसतो. ‘सूट म्हणजे गुलामी’ असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे जुळत नाही. परंतु हेच बाबासाहेब १९५६ च्या ऑक्टोबरात सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते, आणि १४ तारखेला दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. आयुष्यातील सर्वांत गंभीर प्रसंगी त्यांनी सुटाची सक्ती मानली नाही. प्रतिष्ठा त्यांची होती. कापड त्यांच्या मागोमाग आले.

तेव्हा सूट टाकून द्या आणि शेरवानी चढवा, असे मी सांगत नाही. ती सक्तीही तितकीच जड आणि तितकीच महाग. ज्याला हौस आहे आणि ऐपत आहे, त्याने डिसेंबरात खुशाल लोकरीचा सूट शिवावा. मे महिन्यात कोट हवाच असेल तर तो सुती, तागाचा किंवा कोशाचा, फिक्या रंगाचा आणि अर्ध्या अस्तराचा असावा. आणि ज्याच्यापाशी स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा व साधी विजार एवढेच आहे, त्याने ताठ मानेने वेदीपाशी यावे.

बंधुभगिनींनो, बंधन सुटाने घातलेले नाही. ते ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने घातले आहे, आणि ते लोक म्हणजे आपणच आहोत. येत्या लग्नसराईत एखादा वर साध्या सदऱ्यात दिसला तर कुजबुजू नका. त्याच्या बापाने या वर्षी कर्ज काढले नाही, एवढे मनात आणा आणि त्याचे अभिनंदन करा.