तार वाऱ्याने तुटली, माणूस कशाने मेला?

वळवाचा वारा सुटला की रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात आणि विजेच्या तारा तुटून रस्त्यावर पडतात. अंधारात त्यावर पाय पडून कुणी गेलं की ठरलेलं उत्तर येतं : नैसर्गिक आपत्ती!

अहो, तार वाऱ्याने तुटली, मान्य. पण पडल्यावरही तिच्यात करंट होता, तो काय वाऱ्याने सोडला? रस्त्यावरची तार तुटली तर ती निर्धोक होईल अशी सोय हवी, हे १९५६ च्या विद्युत नियमांतच (नियम ९१) लिहिलं होतं. म्हणून तर तारांखाली अर्थिंग केलेली जाळी बांधतात. तुटकी तार तिला टेकली की सप्लाय ट्रिप व्हायला पाहिजे. जाळी गंजली, फ्यूजमध्ये जाड तार कोंबली, की संपलं. ही देवाची करणी नव्हे, माणसांनी न केलेली देखभाल आहे.

१९९७ साली मध्य प्रदेशात पावसात पडलेल्या तारेने एक सायकलस्वार गेला. मंडळ म्हणालं, तार वीजचोराची होती. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही : धोकादायक वस्तू पुरवता ना, मग निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो, भरपाई द्या. चोराच्या तारेची जबाबदारी मंडळावर, मग स्वतःच्या तारेची कुणावर?

तेव्हा भरपाई ही दया नाही, हक्क आहे. मदतीचा चेक घ्या, पण "आता काही मागणं नाही" असं लिहून देऊ नका. पंचनामा, पोस्टमॉर्टेम, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, सगळ्याच्या प्रती मागा. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दाव्याची मुदत फक्त २ वर्षं आहे. तेराव्याला जाणाऱ्यांपैकी कुणीतरी एवढं त्या घरात सांगाच.