दोन सेनापती आणि एक सुतार

घाटमाथा : मावळकर

मावळ आणि त्याला खेटून असलेली मुळशी, या पट्ट्याने दोनशे वर्षांच्या अंतराने दोन सेनापती पाहिले. पहिले तळेगावचे खंडेराव दाभाडे. १७१७ साली शाहू छत्रपतींनी त्यांना सेनापतिपदाची वस्त्रं दिली. दुसरे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. त्यांना वस्त्रं कुणी दिली नाहीत, शिक्का मिळाला नाही, आणि फौज म्हणाल तर धरणाखाली जमीन जाणारे शेतकरी. १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्या धामधुमीत लोक बापटांना सेनापती म्हणू लागले. आज पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. दोन्हीकडे जागेचा भाव विचारायची सोय नाही. जमीन जाणाऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव आता बड्या कंपन्यांच्या लेटरहेडवर पत्ता म्हणून छापलेलं असतं. असो.

पहिल्या सेनापतींच्या पदाला वारस होते, दुसऱ्यांच्या पदाला नव्हते. थोरपणाबद्दल मला जे म्हणायचंय ते या फरकातूनच निघतं.

दाभाड्यांचं घराणं नुसतं नावाचं मोठं नव्हतं. खंडेरावांनी गुजरातेत मराठ्यांचा जम बसवला, इंदुरीला इंद्रायणीकाठी भुईकोट बांधला. १७२९ मध्ये ते वारले आणि पद मुलाकडे, त्रिंबकरावांकडे आलं. तिथून गुंता सुरू झाला. गुजरातची चौथाई कुणाची, सेनापतींची की पेशव्यांची? या वादात त्रिंबकराव निजामाकडे झुकले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईला थोरल्या बाजीरावांशी लढताना मारले गेले. धनी एकच, त्याचे दोन सगळ्यांत मोठे मानकरी समोरासमोर, आणि त्यातला एक गेला. सेनापतिपद लगोलग धाकट्या भावाला, यशवंतरावांना मिळालं. त्यांचं वय लहान, म्हणून कारभार आईने हातात घेतला. ती आई म्हणजे उमाबाई, अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक.

यापुढची गोष्ट आपल्याकडे हमखास सांगतात. शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन तळेगावला आले, त्यांना उमाबाईंच्या पायावर घातलं, तलवार पुढे केली आणि म्हणाले, घ्या सूड. उमाबाईंनी क्षमा केली. ऐकायला छान आहे. मला मात्र ती कधी पचली नाही. पोटचा मुलगा गेलेल्या बाईने चारचौघांदेखत क्षमा करायची, आणि त्या क्षमेला तिचं खानदानी मन म्हणायचं, यात सोय कुणाची होते? मारणाऱ्याची आणि मिटवणाऱ्याची. बाईची काय होते?

खरी उमाबाई पाहायची तर त्यानंतरची वीस वर्षं पाहावीत. १७३२ मध्ये त्यांचे गुजरातेतले सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोरला दग्याने खून झाला, तेव्हा विधवा उमाबाई फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. विधवेने कोपऱ्यात बसावं असा तो काळ. सप्तशृंगीच्या गडावर पायऱ्या बांधून घेतल्या त्यांनीच. इकडे सेनापतिपदाचं वजन मात्र वर्षागणिक उतरत होतं. पद तळेगावात आणि सत्ता पुण्यात, अशी गत झाली. १७५० मध्ये आळंदीला त्यांनी नानासाहेब पेशव्यांची भेट घेतली आणि गुजरातच्या वाटणीचा करार जबरदस्तीने लिहून घेतलेला आहे, तो रद्द करा, असं तोंडावर सांगितलं. नानासाहेबांनी मानलं नाही. मग उमाबाई पेशव्यांविरुद्ध ताराबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड त्यांच्यासाठी फौज घेऊन उतरले. क्षमा करून मोकळी झालेली बाई वीस वर्षांनी फौज पाठवत नाही.

डाव फसला. १७५१ मध्ये दाभाडे आणि गायकवाड दोघेही कैदेत पडले. दमाजींची रवानगी लोहगडावर झाली. आज रविवारी ज्या वाटेवर चेंगराचेंगरी होईल इतकी गर्दी लोटते, तोच हा गड. उमाबाई १७५३ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या आवारात आहे. दमाजींनी अर्धा गुजरात पेशव्यांना द्यायचं कबूल केलं, सुटले, आणि पुढे त्यांच्या घराण्याचं बडोद्याला राज्य झालं. थोडक्यात, मुतालिकाला, म्हणजे दुय्यमाला, राज्य मिळालं आणि मालकाचं नाव गावाच्या नावाला चिकटून राहिलं, तळेगाव दाभाडे.

म्हणून उमाबाईंना मोठं म्हणायचं ते त्या सेनापतींच्या घरच्या होत्या म्हणून म्हणू नये. पद पोकळ झाल्यावरही त्या ताठ उभ्या राहिल्या, हरणार हे दिसत असताना. हा गुण यशवंतरावांना पदाबरोबर मिळाला नाही. तो मिळायची काही व्यवस्था नसते.

पद नम्रतेनेही मिरवता येतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. वडगाव मावळला महादजी शिंद्यांचं स्मारक आहे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून घाट चढून आलेल्या कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी तिथे कोंडलं आणि शरणागतीचा तह लिहून घेतला. पुढे दिल्लीच्या बादशहाकडून केवढे किताब आले, तरी महादजींना आवडे ते ‘पाटील’ म्हणवून घेणं. १७९२ मध्ये पुण्यात सवाई माधवरावांच्या भेटीला ते सगळ्या मानकऱ्यांच्या खाली बसले आणि बगलेतल्या बासनातून पेशव्यांसाठी नवे जोडे काढले, आमच्या बापाचं हेच काम, असं म्हणत. ग्रँट डफने हा प्रसंग रंगवून सांगितला आहे. आपल्याकडच्या भाषणांत तो विनयाचा नमुना म्हणून येतो. मला त्यात विनयापेक्षा राजकारणच जास्त दिसतं. त्या वेळी उत्तर हिंदुस्थानातली सगळ्यांत कसलेली पलटण ज्याच्या हुकमात होती, त्याला जोडे उचलणं परवडतं. नाना फडणवीसांना त्या जोड्यांचा अर्थ बरोबर कळला असणार.

आणि वतन म्हणजे मान, हेही सरसकट म्हणू नये. गावगाड्यात देशमुखी होती, पाटीलकी होती, तशी महारकीही होती. तीही वतनच, तीही बापाकडून मुलाकडे येणारी. तिच्यात मान किती आणि वेठ किती, हे ज्यांनी भोगलं त्यांना विचारावं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं विधेयक आणलं ते उगाच नाही. तेच बाबासाहेब ज्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, ती सयाजीराव गायकवाडांची, म्हणजे दाभाड्यांच्या त्याच मुतालिकांच्या गादीची. आणि सयाजीराव गादीवर आले ते कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक म्हणून. पुढे बाबासाहेबांचं एक घर झालं तेही तळेगावातच. इतिहास कधी कधी फार लांबचा वळसा घेऊन गावी परततो.

आता दुसरे सेनापती. लोणावळ्याहून कोराईगड, भांबर्डे करत ताम्हिणीच्या बाजूला गेलं की मुळशीचं पाणी लागतं. लोणावळ्याच्या आसपासचं पाणी अडवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज काढली होती. मुंबईच्या गिरण्यांना आणखी वीज हवी होती, म्हणून मुळशीला निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालायचं ठरलं. जमीन संपादन करायला सरकार तयारच होतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला.

या लढ्यात घरंदाजपणाची एक वेगळीच परीक्षा झाली. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि मावळे त्या कसत होते. सुरुवातीला सावकारांनाही चळवळीचा उमाळा होता. नुकसानभरपाईचे आकडे दिसू लागले तसा तो ओसरला. पुण्यातली प्रतिष्ठित नावं एकेक करून बाजूला झाली. मागे राहिले ते कसणारे, त्यांच्या बायका, आणि बापटांसारखी थोडी माणसं.

बापट काही साधुसंत नव्हते. शिष्यवृत्तीवर विलायतेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला हा माणूस बॉम्बची कृती घेऊन परत आला. नंतर पारनेरला रोज सकाळी झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. चित्पावन घरातला, इंग्लंडहून आलेला माणूस गावचे रस्ते झाडतो, हे बघून १९१४ च्या पारनेरने काय काय म्हटलं असेल! त्याच वर्षी मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्यांची बसवली. म्हणजे जातीने दिलेलं जे मोठेपण होतं ते त्यांनी मुळशीच्या आधीच उतरवून ठेवलं होतं. त्यामुळेच मावळे त्यांच्यामागे गेले असावेत, असा माझा कयास.

सत्याग्रह थकला तेव्हा बापटांनी अहिंसेचीही मर्यादा सोडली. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी आणि साथीदारांनी कामगारांना नेणारी रेल्वे हत्यारं घेऊन अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. हे वागणं बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला ते चूक वाटतं. पण ज्यांनी भरपाई घेऊन दार लावून घेतलं त्यांनी त्यावर नाक मुरडावं, हे मात्र मला मान्य नाही. धरण झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. हरलेल्या लढाईचा हा सेनापती, आणि तरी १९६७ मध्ये जाईपर्यंत लोकांनी त्याच्या नावामागचं पद काढून घेतलं नाही. त्यांच्यानंतर सेनापती कोण, असा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

पद आणि माणूस यांचा हिशेब याहून जुना पाहायचा असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जावं. एकवीरेच्या दर्शनाची रांग डावीकडे सोडा किंवा उजवीकडे, पण चैत्यगृहाच्या दाराशी जरा थांबा. बाहेर सिंहस्तंभ आहे. गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याने तो दिला, असं त्यावर कोरलंय. महारठी म्हणजे त्या काळातला मोठा मानकरी. आत गेलात की खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावं लागतात, ब्राह्मीत: वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी, धेनुकाकटहून आलेले कितीतरी यवन, दार देणारा सिंहदत्त नावाचा गांधी, म्हणजे अत्तरं विकणारा. आणि लेण्याच्या मुखाचं काम करणारा सामी. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा, धंद्याने सुतार.

ही अक्षरं बोट फिरवण्याइतकी जवळ आहेत (फिरवू नका, आधीच पुष्कळ झिजलीत). दोन हजार वर्षांनंतर तिथे महारठी आणि सुतार एकाच रीतीने लिहिलेले सापडतात: कोण, कुठला, कुणाचा, काय करतो, काय दिलं. बस्स. शूर होता, दानशूर होता, कुलभूषण होता, यातलं काही नाही. शेजारच्या भाजे लेण्यात महारठी विष्णुदत्ताने दिली पाण्याची पोढी. बेडशाला महाभोजाची कन्या सामडिनिका हिच्याही नावावर पाण्याचं टाकंच आहे. पावसाळ्यात धबधब्यांखाली नाचणाऱ्या पाहुण्यांना हे दान किरकोळ वाटेल. एप्रिलमध्ये मावळातल्या एखाद्या वाडीवर हंडा घेऊन निघालेल्या बाईला विचारा.

त्या काळी उच्चनीच नव्हतं असं मी म्हणत नाही. लेण्याचा डोंगर फोडणाऱ्या पाथरवटांची नावं कुठेच नाहीत, आणि महारठी आपलं पद लिहायला विसरलेला नाही. फक्त पदाबरोबर वस्तू लिहावी लागे. पद लिहून पुढची जागा कोरी ठेवलेला लेख अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

यंदाच्या निवडणुकीच्या हंगामात जुन्या हायवेवरचे फ्लेक्स वाचत कामशेतपर्यंत गेलो. कार्यसम्राट, दानशूर, मावळरत्न, भावी सगळं काही. आमच्या ओळखीचा एक फ्लेक्स छापणारा आहे. त्याला म्हटलं, एक कार्ल्याच्या धर्तीवर करून बघ ना: नाव, गाव, धंदा, आणि गावाला दिलेली एक वस्तू. विशेषणं सगळी काढून टाक.

तो माउस हलवत म्हणाला, “करतो की. पण शेवटच्या ओळीत काय टाकू ते साहेबांना तुम्हीच विचारून सांगा. मी विचारलं तर ऑर्डर जाईल.”