आकडा बरोबर, आकलन चूक

'विज्ञानातील प्रतिरूप आणि आकलन' अशा विषयावर विद्वानांची कार्यशाळा भरणार असल्याचे कानी आले, की आपल्यातील व्यवहारी माणसे नाक मुरडतात. नकाशा, सूत्र, आलेख ही वास्तवाची प्रतिरूपे. ती हाती आली की वास्तव कळले. यात दोन दिवस खल करण्यासारखे काय आहे, असा त्यांचा सवाल असतो. या सवालाचे मला हसू येत नाही, भय वाटते. कारण प्रतिरूप म्हणजेच आकलन, या समजुतीची किंमत विलेपार्ल्याने आणि अवघ्या उपनगराने २००५ साली मोजली आहे.

२६ जुलैचा तो दिवस वाचक विसरले नसतील. पार्ल्याच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच होते. पण या दोहोंची सरासरी काढून 'मुंबईत ५०८ मिलिमीटर पाऊस झाला' असे कोणी म्हणेल, तर त्याचे गणित बिनचूक आणि विधान पोकळ ठरेल. तेवढा पाऊस ना सांताक्रूझला पडला, ना कुलाब्याला. प्रतिनिधी प्रामाणिक असला, तरी तो नेमका कोणाचा प्रतिनिधी, हा प्रश्न उरतोच.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. शहरातील जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या. त्या हिशेबात ०.५ हा गुणांक होता. पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल आणि उरलेले निम्मेच गटारात येईल, हा त्याचा अर्थ. भातखाचरे, वाड्या आणि विहिरी असलेल्या भूमीला तो शोभणारा होता. पुढे खाचरे बुजली, अंगणांत फरशी आली, विमानतळाच्या धावपट्टीपायी मिठी नदीला वाकडी वाट धरावी लागली. जमीन बदलली, गुणांक मात्र कागदावर तसाच राहिला. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरावा, असे सुचविले. म्हणजे आता मुरायला जागाच उरलेली नाही, याची ती कबुली होती. त्यानंतर बारा वर्षे कामे रेंगाळली. २६ जुलैच्या दुपारी एका तासातच १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. नवा आकडाही त्या पावसाला पुरला नसता, हे मान्य. परंतु जुन्या आकड्याच्या पोटात कोणते गृहीतक दडले आहे, हे जाणणे म्हणजे आकलन. आणि ते जाणूनही स्वस्थ बसणे, याला दुसरे नाव आहे.

हेंक द रेख्त या डच तत्त्ववेत्त्याने २०१७ साली वैज्ञानिक आकलनावर ग्रंथ लिहिला. तंतोतंत गणित न मांडताही सिद्धान्ताचे ठळक परिणाम ज्याला ओळखता येतात, त्यालाच तो सिद्धान्त आकळला, अशी त्याची कसोटी आहे. ही कसोटी घेऊन आपल्या एखाद्या गावठाणात जावे. खाचरात मातीचा भराव पडताना पाहून 'हे पाणी आता आपल्या उंबऱ्याशी येणार' असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला गुणांक ठाऊक नव्हता. पण गुणांकाचा अर्थ ठाऊक होता. कचेरीत बसलेल्यांजवळ गुणांक होता. अर्थ कोणी विचारला नाही.

आकड्यांचा मी वैरी नव्हे. त्या म्हाताऱ्याच्या शहाणपणातून वाहिनीचा व्यास ठरत नाही. त्यासाठी गणितच हवे. अनुभव पुरेसा आहे, असे म्हणणारा जितका चुकतो तितकाच आकडा पुरेसा आहे, असे म्हणणारा. माझा झगडा इतकाच आहे, की प्रत्येक प्रतिरूप काहीतरी गाळूनच तयार होते, आणि गाळलेले काय हे सांगण्याचे कर्तव्य ते रेखणाऱ्याचे असते.

म्हणून माझी तक्रार व्यवहारी माणसांइतकीच विद्वानांविरुद्धही आहे. या प्रश्नावरच्या चर्चा बहुधा इंग्रजीत आणि बंद दालनांत होतात. मराठीत शब्द नाहीत, ही सबब सांगू नये. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने आपले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली मराठीत छापले, तेव्हा त्याच्यापुढे कोणता परिभाषाकोश होता? ज्याला सांगण्याची तळमळ असते, त्याला शब्द सापडतात.

तेव्हा अशी एखादी कार्यशाळा पार्ल्यात, मराठीत भरवावी आणि तिथे अभियंत्याबरोबर गावठाणातील रहिवाशालाही खुर्ची द्यावी. तोवर आपण एवढे तरी करू. पुढचा कोणताही आराखडा किंवा नकाशा समोर आला, की सही करण्यापूर्वी विचारू: यातून काय गाळले आहे? कोणत्या काळची जमीन यात धरली आहे? आणि हे चुकले, तर पाणी कोणाच्या घरात शिरेल?