येवल्याची घोषणा आणि ख्रिस्ती ऐक्याची कसोटी

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे भरलेल्या दलितवर्गीयांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, तेव्हा निरनिराळ्या धर्मांच्या धुरीणांचे डोळे त्यांच्याकडे लागले. त्यांत ख्रिस्ती धर्मपुढारीही होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निर्णयामागील कारणे अनेक होती. तथापि ख्रिस्ती समाजाविषयी त्यांनी जे लिहून ठेवले आणि जे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले, ते त्या समाजाने आजही विसरू नये असे आहे. वंश, भाषा आणि जात यांनी हा समाज दुभंगलेला असून श्रद्धास्थान सोडल्यास त्याला एकत्र बांधणारे फारसे काही नाही, असा त्या निरीक्षणाचा आशय होता. बाहेरचा माणूस धर्माची पारख त्याच्या ग्रंथांवरून करतो, त्याहून अधिक त्याच्या अनुयायांच्या वागणुकीवरून करतो, हाच यातील बोध होय.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती पंथभेदांचा इतिहास पाहिला तर या भांडणांचे मूळ येथल्या मातीत नाही, हे चटकन ध्यानात येते. अहमदनगर व सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, नाशिककडे इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, तर नागपूर व जालन्याकडे स्कॉटिश मिशन, अशी कार्यक्षेत्रांची वाटणी झाली होती. एखादे कुटुंब कोणत्या पंथाचे व्हावे, हे बहुधा त्याच्या चिंतनाने ठरले नाही, तर त्याचे गाव कोणत्या मिशनच्या हद्दीत येते यावरून ठरले. मग युरोपातील जुन्या वादांचे वारसदार म्हणून नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने नगरच्या ख्रिस्ती माणसाशी का भांडावे? नारायण वामन टिळकांना ही विसंगती जाणवली होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिचे दार उघडे ठेवले.

फुटीचा हा रोग मंडळीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पौल, अपुल्लोस व केफा यांच्या नावांनी तट पाडणाऱ्या करिंथकरांना पौलाने खडसावले होते. स्वतःच्या नावाचा तटही त्याने वगळला नाही, हे विशेष.

अर्थात यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. सत्याविषयीचे मतभेद झाकून मिळविलेले ऐक्य हे ऐक्य की केवळ मौन? याचे उत्तर नागपूरनेच दिले आहे. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींच्या अखेरीस २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की प्रौढपणी विश्वास प्रकट केल्यावरच द्यावा, हा शतकानुशतकांचा वाद होता. कोणालाही आपले मत सोडावयास न लावता दोन्ही पद्धतींना मान्यता देण्यात आली. हे मौन नव्हे. चार दशकांच्या खुल्या चर्चेचे ते फळ होते. मात्र मेथॉडिस्टांचा एक मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला, आणि गुजरातेतील ब्रेदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा व मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१३ साली त्याचा निकाल झाला. ठरावाने घटना एक होते. मने एक होण्यास अधिक काळ लागतो.

म्हणूनच वादावादांत विवेक करणे अगत्याचे आहे. उपासनेची रीत, सणवार, बाप्तिस्म्याची पद्धत, पाळकाचा पोशाख यांवरून एकमेकांना खोटे ठरविणारे वाद टाळलेच पाहिजेत. त्यांत जिंकणाऱ्याच्या पदरी अहंकार पडतो आणि हरणाऱ्याच्या पदरी कटुता. परंतु मंडळीत जात पाहून सोयरीक होत असेल, मालमत्तेच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारणाऱ्यास गप्प बसविले जात असेल, तर तेथे 'ऐक्यास बाध येतो' ही सबब पुढे करणे हा ऐक्याचाच अपमान ठरेल. अन्याय झाकणारी शांतता ही फुटीची पूर्वतयारी असते. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी होता.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह अनेक देशांत पाळला जातो. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि नव्या स्वतंत्र मंडळ्यांनी त्या आठ दिवसांत एकत्र प्रार्थना करावी, हे उचितच आहे. परंतु खरी कसोटी उरलेल्या दिवसांत लागते. शेजारच्या मंडळीतील आजाऱ्याची विचारपूस, गरीब विद्यार्थ्याची फी, अंत्यविधीला पंथ न विचारता दिलेला खांदा यांतून जे ऐक्य घडते, ते कोणत्याही ठरावाहून टिकाऊ असते. येवल्याहून निघालेल्या परीक्षकाने जे पाहिले, ते पुढच्या परीक्षकाला दिसू नये, ही जबाबदारी आता मंडळ्यांचीच आहे.