घरघर

जुलै महिना, घरात बारा दिवसांचे मूल आणि ड्रायर बंद! हा त्रिवेणी संगम ज्यांच्या घरी झाला असेल त्यांना पुढचे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. त्यात सांगण्यासारखे बरेच आहे आणि थोडे लपवण्यासारखेही आहे. पण दिवाळीच्या अंकात लपवाछपवी कशाला?

प्रथम ड्रायर म्हणजे काय याचा खुलासा केलेला बरा. अमेरिकेत ड्रायर म्हणजे गरम हवेच्या पिंपात कपडे घोळवून खडखडीत वाळवून देणारे यंत्र. नॉर्थ डकोटातल्या हिवाळ्यात दोरीवरच्या कपड्यांचे पापड होतात, म्हणून जे. रॉस मूर नावाच्या एका गृहस्थाने हा उद्योग आरंभला आणि १९३८ च्या सुमारास ते यंत्र तिकडे दुकानात आले. आमच्या डोंबिवलीत ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधले शेजारचे लहान पिंप. ते वाळवीत काही नाही. मिनिटाला तेराशेच्या वर फेरे घेऊन ते कपडे पिळते, इतकेच. पण पावसाळ्यात पिळलेले दुपटे पंख्याखाली रातोरात वाळते आणि न पिळलेले तीन दिवस कुबट वास सोडीत लोंबत राहते, हा फरक बाळंतीण घरात असल्याखेरीज पुरुषांच्या ध्यानात येत नाही.

आमचे मशीन २०१२ सालचे. कोणत्या निमित्ताने घेतले, हे त्या आठ दिवसांत मी साफ विसरून गेलो होतो. ते पुढे येईलच.

तर त्या सकाळी सौ.ने दुपटी, लंगोट, झबली ड्रायरमध्ये घातली, झाकण लावले, कळ फिरवली. ड्रायर फिरला नाही. नुसता गुणगुणू लागला. ‘उंऽऽ’ असा एकसुरी आवाज. यंत्राला घरघर लागली म्हणतात ती हीच, असे मी म्हटले. कोणी हसले नाही.

चिरंजीवांचा निकाल दोन मिनिटांत लागला. “बाबा, तेरा वर्षं झाली त्याला. भंगारात काढा. मोबाइलवर मागवतो, परवा दारात येईल.” साडेअकरा हजारांचे चित्र त्याने माझ्या नाकापुढे धरले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेला माणूस मी! काय बिघडले हे कळल्याखेरीज साडेअकरा हजार सोडायचे? मी रीतसर कंपनीचा माणूस बोलावला.

तो तिसऱ्या दिवशी आला. त्याने झाकण उघडले, लावले, आवाज ऐकला आणि पाठीमागचा स्क्रूसुद्धा न काढता सांगितले, “मोटर गेली. तीन हजार दोनशे. पण या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. नवीन घ्या, जुन्याचे बाराशे वळते करू.” भेटीचे साडेचारशे रुपये घेऊन स्वारी गेली. डॉक्टरने नाडी न पाहता तेराव्याची तारीख काढावी, तसा हा प्रकार! चिरंजीवांनी तेवढ्यात माहिती पुरवली, की ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल काढले आहे. युरोपात तर धुलाईयंत्र विकणे बंद झाल्यावरही त्याचे ठरावीक भाग दहा वर्षे मिळालेच पाहिजेत, असा नियम २०२१ पासून लागू आहे. ऐकून बरे वाटले. दुपटी मात्र ओलीच होती.

मग मी स्वतः कंबर कसली. मशीनच्या सॉकेटात टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील म्हणून ते सारखे करून ठेवले. (तसे झाले तर पिंप धडधडते, नुसते गुणगुणत नाही, हे मला नंतर कळले.) मशीनच्या पोटाखाली उंदराने तारा कुरतडल्या असतील म्हणून टॉर्च घेऊन पालथा झालो, तिथे फक्त २०१९ पासून हरवलेली चमच्यांची जोडी सापडली. शेवटी झाकणाच्या स्विचवर माझा संशय बळावला. झाकण उघडे असताना पिंप फिरू नये म्हणून तिथे एक स्विच असतो. हाच गुन्हेगार, असे मी जाहीर केले आणि स्विच शोधत दोन दिवस बाजारात हिंडलो. अधूनमधून घरी येऊन ‘आता तरी फिरतो का’ म्हणून ड्रायर चालू करून पाहत होतो. एकंदर आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी एका दुकानदाराने मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे बोट दाखवले. साठीच्या पुढचे गृहस्थ, खांद्याला पिशवी. घरी आले, चहा नको म्हणाले आणि पहिला प्रश्न केला, “काका, आवाज येतोय ना?”

“येतो. पण झाकणाचा स्विच—”

“स्विच गेला असता तर आवाजच आला नसता. आवाज आहे म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचते. आता ती उठत का नाही, एवढंच बघायचं.”

आठ दिवसांच्या माझ्या संशोधनाचा असा एका वाक्यात निकाल लागला! त्यांनी प्लग काढला, मशीन फिरवून मागचा पत्रा उघडला. झाकण उघडले की आतला ब्रेक पिंपाला धरून ठेवतो आणि झाकण लावले की तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. म्हणून झाकण लावून त्यांनी मागून खालची चकती हाताने फिरवली. ती सुरळीत फिरली. म्हणजे ब्रेक मोकळा, खाली मोजाबिजा अडकलेला नाही आणि मोटरही जाम नाही. “मग उरलं कोण?” असे म्हणत त्यांनी काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी दाखवली. तिची एक बाजू फुगली होती. कपॅसिटर!

घरच्या विजेवर चालणाऱ्या या मोटरीला कुठल्या बाजूला फिरायचे ते आपले आपण कळत नाही. ही डबी तिच्या दुसऱ्या वेटोळ्याला जरा वेगळ्या वेळी वीज देऊन पहिला धक्का देते. डबी मेली की मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. ‘निघालो, निघालो’ म्हणत उंबऱ्यातच उभे राहणारे पाहुणे असतात ना, तसे. “तुम्ही सारखं चालू करून बघितलं नाही ना?” मिस्त्रींनी विचारले. “तशी चालू ठेवली तर मोटर खरंच जळते.” मी चहाचे पुन्हा विचारले.

डबीच्या तारा सोडण्याआधी त्यांनी तिच्यातली साठलेली वीज एका बल्बातून उतरवून घेतली. प्लग काढला तरी डबीत वीज राहते आणि चांगला झटका देते, तेव्हा वाचकांनी माझ्यासारखी कंबर कसून तिथे बोटे घालू नयेत. जुन्या डबीवरचा आकडा पाहून त्याच आकड्याची नवी बसवली. किंमत एकशेवीस रुपये! पिंपाच्या तळाशी दांड्याभोवती रबराचे सील असते, तेही त्यांनी दाखवले. त्याला चीर पडली होती आणि पाण्याचे थेंब सरळ मोटरीवर पडत होते. “हे आज बदललं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात मोटरीसाठी मला बोलवाल.” सील, डबी आणि मजुरी मिळून साडेसहाशे.

“आणि पुढे?” मी विचारले.

“डबी, ब्रेक, सील, स्विच यासाठी मशीन टाकू नका. मोटर गेली तर बसून विचार करा. पण हे बघा,” त्यांनी तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला. गंजाचे पोपडे पडले. “हा सडला की पैसे घालू नका, माझ्यासारख्यानं सांगितलं तरी. दोन वर्षं निघतील.”

ड्रायर फिरू लागला. मी विजयी मुद्रेने सौ.ला हाक मारली. दहा हजार आठशे पन्नास वाचवले होते! (भेटीचे साडेचारशे मी हिशेबातून वगळले होते.) ती आली आणि दुपट्यांची बादली तिने डाव्या हाताने उचलली.

“डाव्या हातानं का गं?”

“उजवा दुखतोय जरा.”

ते ‘जरा’ लेकीने बाही वर करून दाखवले. मनगट सुजून टम्म झाले होते. २०१२ साली न्हाणीघरात पाय घसरून हेच मनगट मोडले होते. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी बजावले होते, की आता या हाताने कपडे पिळायचे नाहीत. म्हणून तर त्याच आठवड्यात मशीन घरात आले होते. आणि मी आठ दिवस स्विच शोधत असताना ही पहाटे साडेचारला उठून, लेकीला जाग येऊ नये म्हणून नळ बारीक सोडून, रोजची वीस-पंचवीस दुपटी त्याच हाताने पिळत होती. घट्ट पिळली नाहीत तर वाळत नाहीत आणि ओलसर लंगोटाने बाळाला पुरळ येते.

“मला सांगायचं नाही का?” मी म्हटले. माझा आवाज मलाच चढल्यासारखा वाटला.

“सांगितलं असतं तर तुम्ही घाईनं नवीन आणलं असतं आणि वर्षभर साडेअकरा हजार ऐकवले असते.”

“मग आणू या का नवीन? आजच आणतो.”

“आता कशाला? चांगला फिरतोय की. मला नवीन नको होता हो, लवकर हवा होता.”

डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि हाताला पंधरा दिवस विश्रांती सांगितली. ते पंधरा दिवस धुणे माझ्याकडे होते. लंगोटाच्या नाड्या एकमेकींत कशा गुंततात आणि अर्धी बादली कपडे ड्रायरमध्ये कसे रचावे लागतात, यावर मी आता अधिकारवाणीने बोलू शकतो. पण कन्येने मला तशी संधी दिली नाही. पहिले तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलत होती.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा, इस्त्रीचा, गॅसचा हिशेब सौ.च्या अक्षरात असतो. महिनाअखेर बेरीज मी करतो. जुलैचे पान उलटण्याआधी पाहिले, तर त्या तारखेच्या चौकटीत डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते: ‘ड्रायर ६५०.’ त्याच्या वर, पाच दिवस आधीच्या चौकटीत, माझा कंपनीचा माणूस: ‘४५०.’ आणि खाली ‘डॉक्टर ७००, पट्टी १८०.’

मी बेरीज केली आणि पान उलटले.