गाडी खुलताबादलाही थांबवा!

भारतात गेलो की आम्हांला वेरूळची लेणी दाखवतात. शेजारीच खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, पण तिथे गाडी थांबत नाही. ती थांबायला हवी, असे आमच्या वर्गाचे मत आहे.

मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने नहर बांधून पाणी आणले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले.

बॉनमध्ये आम्हांला सारखे विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" दूरदेशीहून आलेल्या माणसाने आपल्याकडे शहर वसवले, हे म्हणूनच आम्हांला ठाऊक हवे. आईबाबांनो, पुढच्या सुट्टीत सगळे मिळून खुलताबादला जाऊ. जमल्यास सिद्दींचा जंजिराही पाहू.